चौदा वर्षांची मुक्ता आणि जालन्याच्या मुली

दिनांक ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युटिस यास संतपद बहाल केले. २००६ साली मृत्यू आला तेव्हा कार्लो केवळ पंधरा वर्षांचा होता. किशोरवयीनांच्या हातून चिरस्थायी कार्य घडू शकते, याचे स्मरण त्यानिमित्ताने जगाला झाले. मात्र असे उदाहरण शोधण्यासाठी इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याची लेखिका मुक्ता साळवे मांग समाजातील होती. वय चौदा वर्षे. शिक्षण फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत, तेही जेमतेम तीन वर्षांचे. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने विचारला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने मांडले आणि या रोगावर ज्ञान हेच औषध आहे, असे आपल्या बांधवांना सांगितले. आधुनिक मराठीतील दलित स्त्रीच्या आरंभीच्या लेखनात या निबंधाची गणना होते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो अभ्यासला जातो.

मुक्ता बुद्धिमान होती, यात शंका नाही. परंतु तिला शाळा मिळाली, शिक्षक मिळाले आणि तिचे शब्द छापणारे संपादक मिळाले. १८४८ साली सावित्रीबाईंनी अध्यापनास आरंभ केला, तेव्हा त्याही अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. किशोरवय इतिहास घडवते ते कोणीतरी दार उघडून दिल्यामुळे, हाच याचा अर्थ.

जालन्याशी या कथेचे नाते जवळचे आहे. मुक्ताच्याच समाजातील कुटुंबांसाठी रेव्ह. नारायण शेषाद्री या प्रोटेस्टंट मिशनरींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. आज त्याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. त्यामुळे मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की एकीकडे तिच्या सुरक्षिततेची चिंता आणि दुसरीकडे नव्या कोयत्याची गरज, या दोहोंच्या कात्रीत आईवडील सापडतात व तिचे लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. जालना जिल्ह्यातील प्रमाण या सरासरीहून अधिक आहे.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. परंतु मुलीला मागे ठेवण्याइतका विश्वास आईवडिलांना वाटला पाहिजे, आणि तो कागदावरील आदेशाने निर्माण होत नाही. गाड्या निघण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील, आपल्या वस्तीतील कोणत्या मुली जाणार आहेत, त्यांतील कोणाला आजी-आजोबांकडे, शेजारी वा वसतिगृहात ठेवता येईल, ही चौकशी आपण करू शकतो. तिचे दप्तर हंगामभर बंद राहू नये, एवढे जरी साधले तरी पुष्कळ.

त्यांच्यापैकी एखादी उद्या काय लिहील, हे आज कोण सांगणार? मुक्ताविषयीही १८५४ साली कोणी सांगू शकले नसते.