पहिला नंबर मिळाला, पुढे काय?

आज जरा लांबचा विषय घेतोय. आइस हॉकी. खेळ कळत नसला तरी वाचा, कारण मुद्दा खेळाचा कमी आणि पोरांचा जास्त आहे. कॅनडातल्या मित्रांनो, कुठे चुकलो तर हक्काने सांगा.

आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे. ज्याच्या खिशात पैसा, त्याने बोली लावायची. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगमध्ये नवीन पोरं अशी घेत नाहीत. तिथे दरवर्षी 'ड्राफ्ट' असतो. साधारण अठरा वर्षांची मुलं, सात फेऱ्या, आणि संघ पाळीपाळीने एकेकाचं नाव पुकारतात. कुठल्या संघात जायचं हे मुलाच्या हातात नसतं. आणि गंमत म्हणजे आदल्या हंगामात जे संघ तळाला, त्यांना आधी निवडायला मिळतं. अगदी पहिला नंबर कुणाचा, हे सोडत काढून ठरतं, पण सोडतीतही तळाच्या संघाच्या चिठ्ठ्या जास्त. हेतू चांगला आहे. श्रीमंत शहरांनीच सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, लहान शहरांचे संघही टिकावेत.

आता या पद्धतीचं खरं रूप बघायचं तर एडमंटन ऑयलर्सचा इतिहास बघावा.

हा संघ १९७९ मध्ये एनएचएलमध्ये आला. वेन ग्रेट्झ्की त्यांच्याकडे आधीपासून होता, तो ड्राफ्टमधून आलेला नव्हता. पण बाकीचे बघा. १९७९ ला केविन लो २१वा, मार्क मेसिए ४८वा, ग्लेन अँडरसन ६९वा. १९८० ला पॉल कॉफी सहावा आणि यारी कुरी पुन्हा ६९वा. १९८१ ला गोलरक्षक ग्रँट फ्यूर आठवा. तीन वर्षांत निवडलेली ही सहा पोरं, आणि सहाच्या सहा आज हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये आहेत. यातला एकही पहिल्या नंबरचा नव्हता. या पोरांनी १९८४ ते १९९० या काळात पाच वेळा स्टॅनली चषक आणला.

मग निवडणाऱ्यांची नजरच दैवी होती का? तसंही नाही. ज्या १९९० मध्ये पाचवा चषक आला, त्याच वर्षी ऑयलर्सनी ड्राफ्टमध्ये जेवढी मुलं घेतली त्यातला एकही जण एनएचएलचा एक सामनासुद्धा खेळला नाही. एकही नाही! अठरा वर्षांच्या पोराचं भविष्य सांगणं इतकं बेभरवशाचं काम आहे.

आता पुढचा अंक. २००६ ला संघ अंतिम फेरीत सातव्या सामन्यात हरला आणि त्यानंतर सलग दहा हंगाम बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही. तळाला राहिल्याचं बक्षीस मात्र मिळत गेलं. २०१० ला पहिला नंबर, टेलर हॉल. २०११ ला पहिला नंबर, रायन न्यूजंट-हॉपकिन्स. २०१२ ला पुन्हा पहिला नंबर, नेल याकुपोव. मध्ये दोन वर्षं गेली आणि २०१५ ला परत पहिला नंबर, कॉनर मॅकडेविड. सहा ड्राफ्टमध्ये चार वेळा देशोदेशीच्या सगळ्या पोरांतून हवा तो मुलगा उचलायची संधी! एवढं होऊनही संघ तळालाच. का?

माझ्या मते उत्तर याकुपोवच्या गोष्टीत आहे. रशियातून आलेला हा मुलगा. पहिला हंगाम टाळेबंदीमुळे ४८ सामन्यांचाच झाला, त्यात त्याने १७ गोल केले. वाईट सुरुवात म्हणता येणार नाही. पण तिथल्या चार हंगामांत त्याने चार मुख्य प्रशिक्षक पाहिले. नवा माणूस, नवी पद्धत. आजूबाजूला धीर देणारे, चुका झाकणारे अनुभवी खेळाडू कमी, आणि गावाची अपेक्षा मात्र की या पोराने संघ वर काढावा. २०१६ ला त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि २०१८ ला तो रशियाला परत गेला. वय वर्षं चोवीस. त्याच्यात काही कमी नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्याला घडवायचा नीट प्रयत्न झाला असंही कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही.

याउलट लिऑन ड्रायसाइटल. २०१४ ला तिसऱ्या नंबरवर घेतला. पहिल्या हंगामात ३७ सामने आणि फक्त २ गोल. तेव्हा मात्र संघाने शहाणपणा केला आणि त्याला कलोना या ज्युनियर संघाकडे पाठवलं. तिथे तो आपल्या वयाच्या मुलांत खेळला, संघाला त्यांच्या लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, आत्मविश्वास घेऊन परत आला. २०२० मध्ये तो एनएचएलचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. दोन गोलवाल्या पोरावर तेव्हाच फुली मारली असती तर?

आणि टेलर हॉल? त्याला ऑयलर्सनी २०१६ ला न्यू जर्सीला दिलं. २०१८ चा मौल्यवान खेळाडूचा किताब त्याने तिथे जाऊन घेतला.

२०१२ च्या त्याच ड्राफ्टमधलं आणखी एक नाव सांगतो. कॉनर हेलेबक, १३०वा. विनिपेगने घेतला, तीन वर्षं एनएचएलबाहेर तयार होऊ दिला. आज त्याच्या नावावर सर्वोत्तम गोलरक्षकाचे तीन किताब आहेत. पहिला नंबर घरी गेला, एकशे तिसावा उभा राहिला.

म्हणून मला वाटतं, ऑयलर्सचा दोष चुकीची मुलं निवडण्यात नव्हता. निवड म्हणजेच काम झालं असं मानण्यात होता. स्टेजवर टोपी, जर्सी, फोटो, टाळ्या. मग पोराला बर्फावर सोडायचं आणि म्हणायचं, आता तूच वाचव आम्हाला.

दुसरा दोष लीगचा. पुन्हा पुन्हा तळाला राहणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच बक्षीस दिलं, तर सुधारायची घाई कुणाला राहील? मुद्दाम हरले असा आरोप मी करत नाही, पण हरण्याचा जाच कमी झाला हे नक्की. लीगलाही हे उशिरा उमगलं. सोडतीचे नियम बदलले, आणि २०२२ पासून कुठल्याही संघाला पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त वेळा सोडत जिंकता येत नाही. चांगलं केलं.

यात लोकांचाही पैसा होता बरं. संघ तळाला असतानाच शहराने नव्या स्टेडियमचा करार केला. सुमारे ४८ कोटी डॉलर खर्चाचं ते स्टेडियम २०१६ ला उघडलं, आणि त्यात महापालिकेचा मोठा वाटा आहे. ज्यांनी कर भरला, त्यांनीच तिकीट काढून ही दहा वर्षं सोसली. त्यांना 'पुढच्या ड्राफ्टपर्यंत थांबा' हे उत्तर पुरेसं नव्हतं.

काही जण म्हणतील, मॅकडेविड मिळाला ना, मग झालं की! मिळाला, आणि तो अफाट आहे. २०२४ आणि २०२५ ला संघ अंतिम फेरीत गेला, दोन्ही वेळा फ्लोरिडाकडून हरला. पण त्या संघात मॅकडेविडच्या बरोबरीने कोण उभे होते? धीर धरून घडवलेला ड्रायसाइटल. आणि २०११ चा तो न्यूजंट-हॉपकिन्स, जो वाईट दिवसांतही तिथेच राहिला आणि बाराव्या हंगामात पहिल्यांदा शंभर गुणांच्या वर गेला. बाराव्या! एवढी वाट बघायची तयारी किती जणांची असते?

माझं म्हणणं साधं आहे. कुठल्याही संघाची निवड ड्राफ्टच्या रात्री मोजू नका. पाच वर्षांनी जा आणि विचारा, त्या यादीतली पोरं कुठे आहेत, त्यांना कोणी शिकवलं, पडल्यावर कोणी उचललं. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याला पुढचा पहिला नंबर मागायचा अधिकार नसावा.

तुम्हाला काय वाटतं? पटत नसेल तर तसंही लिहा.