उपचार संपले, पुढे काय?

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमो झाली, रेडिएशन झाले. डॉक्टरांनी 'आता तीन महिन्यांनी दाखवा' असे सांगितले की घरात शुक्र अदा होतो. नातेवाईक भेटून जातात आणि 'झाले गेले विसरून जा' असा सल्लाही देतात. पण जिने हे सोसले तिची मनाची कसोटी पुष्कळदा इथूनच सुरू होते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. साधी पाठ दुखली तरी मनात पाल चुकचुकते.

ही भीती म्हणजे सब्र कमी पडला, असे आम्हाला वाटत नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली, मोठ्या आघातानंतर माणसात होणारे चांगले बदल मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली मांडली. त्यात पाच गोष्टी पाहिल्या जातात: स्वतःच्या ताकदीची ओळख, माणसांशी जवळीक, नव्या वाटा, जगण्याची किंमत आणि आध्यात्मिक बदल. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या अनेक स्त्रियांमध्ये असे बदल आढळले आहेत. मात्र हे बदल आजार देत नाही. आजारानंतर मन जी झुंज देते तिच्यातून ते येतात. दुःख आणि ही वाढ एकाच मनात सोबत राहू शकतात, असेही हे अभ्यासक सांगतात.

म्हणून घरच्यांना आमचे सांगणे आहे की, 'तू तर खूप हिंमतवाली' म्हणून तिचे बोलणे तोडू नका. तिला भीती बोलून दाखवू द्या. तपासणीला कोणीतरी सोबत जा. काही जणींना पाच वर्षे किंवा अधिक काळ टॅमोक्सिफेनसारखी गोळी घ्यावी लागते. ती गोळी रोज आजाराची आठवण करून देते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, तेव्हा पाण्याची कळशी दुसऱ्याने उचलावी. बदललेल्या शरीराकडे पाहणे तिला जड जात असेल, तर शौहरचा एक मायेचा शब्द फार मोलाचा ठरतो.

आणि भगिनींनो, दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, झोप लागत नसेल, तर दुआ जरूर करा. आणि डॉक्टरांनाही मोकळेपणाने सांगा. मनाचाही इलाज असतो.