घर देवाचे, पण श्रद्धा कोणाची?

शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर नव्याने उभारल्यापासून उज्जयिनीशी मराठी माणसाचा जो ऋणानुबंध जडला, त्याची चर्चा करताना येथील चर्चमध्ये हिंदी उपासना आटोपून घरी मराठीत शास्त्रपाठ करणाऱ्या आम्हां मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांचे स्मरण सहसा कोणास होत नाही. या कुटुंबांत नवी सून आली की देवभीरू घर कसे उभारावे याचा उपदेश तिला सर्वांकडून मिळतो, आणि त्या उपदेशाचा इत्यर्थ बहुधा एकच असतो : पतीने प्रार्थना चालवावी, पत्नीने आज्ञा पाळावी. या उपदेशात मला मोठी उणीव दिसते, आणि तिची जाणीव मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राने करून दिली.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे, बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून न वापरणाऱ्या अत्यंत सोवळ्या पित्याच्या घरी, १८६८ साली जन्मलेल्या या स्त्रीच्या पतीने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यास तिची संमती नव्हती. आज्ञापालन हेच पत्नीचे सर्वस्व मानावे तर तिने दुसऱ्याच दिवशी पतीचा धर्म स्वीकारावयास हवा होता. तसे तिने केले नाही. ती दीर्घकाळ माहेरच्या माणसांत राहिली. पुढे नगरला पतीजवळ आली तीही आपली चूल वेगळी ठेवून. आणि माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने निर्मिली नसून मनुष्याने रचली आहे, असा निर्णय तिच्याच विवेकाने दिल्यानंतर, कोणाच्या हुकमाने अथवा भिडेने नव्हे, तर स्वतःच्या प्रतीतीने १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या घराचा पाया मी त्या वर्षी घातला गेला असे मानते, कारण तोवर त्या घरात श्रद्धा एकाची होती आणि तिचे क्लेश मात्र दोघांचे होते.

आणि मग त्या घराचा दरवाजा उघडला. माळव्यात आजही वृद्धांच्या तोंडी ‘छपनिया’ म्हणून ज्याचे नाव येते, त्याच दुष्काळाने नगर जिल्ह्यातही हाहाकार उडविला असता, टिळकांच्या घरी अनाथ मुले आली आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. टिळकांचे औदार्य अमर्याद. हाती आलेला पैसा देऊन टाकावा, वाटेत भेटलेल्याला जेवावयास घेऊन यावे, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी गृहिणीने करावी, हा तिथला नित्यक्रम होता. लक्ष्मीबाईंनी तो सोसला, पण मुकाट्याने नव्हे. जेथे पटले नाही तेथे त्या पतीशी भांडल्या, आणि त्या भांडणांनी त्या घराची धार्मिकता तिळमात्र उणावली असे मला वाटत नाही. ज्या घरी बाजारचे मीठ धुतल्याविना चालत नसे, त्या घरची लेक कोणत्याही जातीच्या लेकराला आपल्या पंक्तीला बसवू लागली, याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही तिनेच नेटाने पुढे नेले.

नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय आमच्या भगिनी मंडळांत वारंवार वाचला जातो. त्यातील सद्गुणी स्त्री पहाटे उठते एवढेच प्रवचनांतून ठसविले जाते. पण तीच स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, आपला माल व्यापाऱ्यांस पुरविते आणि दीनदुबळ्यांना मुक्तहस्ते देते, याचा उल्लेख क्वचितच होतो. कारभाराची मुखत्यारी जिच्या हाती नाही, तिने दानधर्म कशातून करावा?

म्हणून येथील पाळकांस माझी विनंती आहे की विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वेळी वधूशी वडीलधाऱ्यांच्या गैरहजेरीत स्वतंत्रपणे बोलावे; ती शास्त्र स्वतः वाचते काय, तिचा विश्वास कशावर आहे, नव्या घरातील पैशाअडक्याच्या निर्णयांत तिचा शब्द राहणार आहे काय, हे तिलाच विचारावे. आणि तिने आणखी अवधी मागितला, तर पत्रिका छापून झाल्या आहेत ही सबब दोन्ही घरांनी पुढे करू नये.