25 अक्षरांचा आकडा, एका दमात!

इटलीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं 1946 साली. हे साल इटालियनमध्ये अक्षरी लिहिलं, तर रोमन लिपीतल्या 25 अक्षरांचा एकच सलग शब्द होतो: मिल्लेनोवेचेन्तोक्वारान्तासेइ! वाचतानाच धाप लागली ना? थांबा, वाटतं तितकं अवघड नाही.

आधी शब्द फोडा
मिल्ले म्हणजे हजार, नोवेचेन्तो नऊशे, क्वारान्ता चाळीस, सेइ सहा. मोठ्या आकड्याकडून लहानाकडे सरळ जायचं. आपल्या 'सेहेचाळीस'मध्ये सहा आधी येतो, तसं इथे नाही.

मग उच्चाराचे तुकडे पाडा
मिल्-ले-नो-वे-चेन्-तो-क्वा-रान्-ता-सेइ. मोजून दहा! एकच व्यंजन जोडून आलं, की अर्धं आधीच्या तुकड्यात, अर्धं पुढच्या. आपण 'गल्ली' म्हणतो ना गल्-ली, अगदी तसंच.

जोर कुठे द्यायचा?
मुख्य जोर शेवटच्या आकड्यावर. वीस म्हणजे वेन्ती, जोर 'वेन्'वर. पण तेवीस म्हणजे वेन्तित्रे, इथे जोर थेट 'त्रे'वर. म्हणून नुसता 'त्रे' (3) लिहिताना खूण नसते, पण 23, 33, 43 लिहिताना शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ द्यावीच लागते.

एक (ऊनो) आणि आठ (ओत्तो) स्वराने सुरू होतात, म्हणून दशकाचा शेवटचा स्वर गळतो. वेन्ती आणि ऊनो मिळून वेन्तूनो (21), वेन्ती आणि ओत्तो मिळून वेन्तोत्तो (28). शाळेतला संधी आठवला की नाही?

हे कळून फायदा काय?
इटलीत शिकायला किंवा फिरायला जाणार असाल, तर कान तयार हवा. साठ म्हणजे सेस्सान्ता, सत्तर म्हणजे सेत्तान्ता. दोन्हींत जोर मधल्याच तुकड्यावर, फरक फक्त 'स्स' आणि 'त्त'चा. घाईत ऐकलंत, तर हिशोबात 10 युरोंची गडबड!

आणि तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासताना "त्रेन्तात्रे म्हणा" असं सांगितलं, तर गोंधळू नका. त्रेन्तात्रे म्हणजे तेहेतीस. तो म्हणताना छातीत उठणारी कंपनं डॉक्टर हाताने तपासतात.

आता घरातल्या मुलांना एक कोडं घाला. ओत्तान्ता म्हणजे ऐंशी, ओत्तो म्हणजे आठ. मग अठ्ठ्याऐंशी कसे म्हणाल, आणि जोर कुठे द्याल?