हराळीची मुळी आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर

ज्यांनी शेतात हराळी खुरपली आहे त्यांना ठाऊक आहे, वरचे गवत कापून भागत नाही. मुळीचा एक तुकडा जरी मातीत राहिला तरी पुढच्या पावसात हराळी पुन्हा उभी राहते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचेही तसेच आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. अन्न पचविणारा रस आणि इन्सुलिन तेच तयार करते. इतक्या आत असल्याने तिथली गाठ लवकर कळत नाही. पुष्कळ रोगी डॉक्टरांकडे पोहोचतात तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. मग केमोथेरपी देतात. काहींची गाठ लहान होते, घरच्यांना धीर येतो. पण बहुतेकदा काही महिन्यांत ती पुन्हा वाढू लागते. असे का व्हावे?

२००७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. त्यांतल्या फक्त ०.२ ते ०.८ टक्के पेशी मुळीसारख्या असतात. अशा अवघ्या १०० पेशी उंदरांना टोचल्या, तर निम्म्या उंदरांत नवी गाठ उठली. यांना कॅन्सरच्या मूळपेशी म्हणतात. त्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनाही अशा पेशी सापडल्या. जेमसिटाबीन या नेहमीच्या औषधालाही त्या दाद देत नव्हत्या. केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. मूळपेशी मात्र सावकाश वाढतात, आत आलेले औषध बाहेरही टाकतात.

या मुळीवर घाव घालणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे, पण नेहमीच्या उपचारात असे औषध अजून आलेले नाही. म्हणून आम्ही बजावून सांगतो, कुणी 'स्टेम सेल टोचून कॅन्सर बरा करतो' म्हणून पैसे मागत असेल, तर दागिने गहाण टाकू नका. त्या स्टेम सेल वेगळ्या आणि या मूळपेशी वेगळ्या.

आपल्या हाती आहे ते लवकर ओळखणे. डोळे पिवळे होणे, पोटातली कळ पाठीत जाणे, विनाकारण वजन घटणे, उतारवयात एकाएकी मधुमेह लागणे, यांपैकी काही दिसले तर दवाखान्यात जा. कावीळ 'उतरवून' घेण्यात आठवडे घालवू नका. आणि तंबाखू, विडी आजच सोडा. या रोगाला तीही कारण आहे.