हात काळे झाले तर काय होतं?

यंदा दसऱ्याला घरी, म्हणजे पांढरकवड्याला गेलो होतो. खंडेनवमीला बाबांनी नेहमीप्रमाणे देवघरापुढे पाट मांडला. त्यावर विळी, अडकित्ता, हातोडी, चार पाने, माझा लॅपटॉप आणि मारुतीची किल्ली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. मीही नमस्कार केला. इथवर सगळं ठीक.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळला मावशीकडे जायचं म्हणून गाडी सुरू केली, तर गल्लीतली कुत्री उठतील एवढा "चींऽऽऽ" आवाज. गाडी म्हणजे 2009 ची मारुती 800, एमएच 29, बिनाएसीची. पंधरा वर्षं भरल्यावर 2024 मध्ये फिटनेस करून पुन्हा पासिंग केलेली. बाबांचा जीव आहे तिच्यात. बॉनेट उघडून टॉर्च मारला. बेल्टच्या आतल्या अंगाला आडव्या भेगा, आणि कडा काचेसारख्या गुळगुळीत.

"बेल्ट गेलाय, मीच बदलतो," म्हणत मी पाटावरचा पाना उचलला. बाबा ताडकन म्हणाले, "ठेव तो. तुले इंजिनियर केलं ते हात काळे करासाठी काय?"

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. बाबांशी नाही. कारण हे वाक्य पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज बोललं जातं, फक्त मनातल्या मनात. ज्या पान्याला परवा हात जोडले, तोच पाना आज हातात घेतला तर इज्जत जाते? मग आपण पूजा नक्की कशाची करतो?

आधी या बेल्टचं काम काय ते सांगतो, कारण निम्मी भीती अज्ञानाची असते. सगळे त्याला 'फॅन बेल्ट' म्हणतात, पण या गाडीत तो पंखा फिरवतच नाही. पंखा विजेवर चालतो. हा बेल्ट इंजिनच्या फिरण्यातून दोन कामं करतो. एक म्हणजे अल्टरनेटर (मेकॅनिकच्या भाषेत डायनामो) फिरवून बॅटरी चार्ज करणं, आणि दुसरं म्हणजे पाण्याचा पंप फिरवणं. तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो. तो दिवा पाहून "पुढे बघू" म्हणत गाडी हाकली, की पाणी फिरत नाही, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट उडतं. काही शे रुपयांच्या रबरापायी हजारोंचा खर्च, तोही ट्रकांनी भरलेल्या हायवेच्या कडेला उभं राहून.

आणि बदलायचं काम? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डायनामोचे दोन बोल्ट सैल करा, एक ज्यावर तो झुलतो तो आणि एक ताण धरणारा. डायनामो इंजिनकडे ढकला, जुना बेल्ट उतरवा, त्याच नंबरचा नवा चढवा. लाकडी दांड्याने डायनामो बाहेर रेटून धरा आणि बोल्ट आवळा. इंजिन थोडं चालवा, बंद करा, ताण पुन्हा तपासा, कारण नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो. झालं! यापेक्षा जास्त पायऱ्या आपल्या ऑफिसात रजेचा अर्ज मंजूर व्हायला लागतात. :)

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत, कारण तेच मी स्वतःला सांगत आलोय.

पहिला आक्षेप: "माझ्या एका तासाची किंमत मेकॅनिकच्या मजुरीपेक्षा जास्त आहे." छान. पण शनिवारी दुपारी तुमचा तो महागडा तास विकत घ्यायला कोण रांगेत उभं असतं? बहुधा तो मोबाईलवर अंगठा घासण्यातच जातो. आणि पैसे वाचवा असं मी म्हणतच नाहीये. ज्या यंत्रात बायकापोरांना बसवून आपण शंभरच्या स्पीडने जातो, ते आतून कसं चालतं हे माहीत असावं, एवढंच म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप: "आजच्या गाड्या घरी उघडण्यासारख्या राहिल्याच नाहीत." अर्धं खरं. पुष्कळ नव्या गाड्यांत एकच लांब, उभ्या रेघांचा बेल्ट सगळीकडे वेटोळे घालतो, ताण देणारी पुली वेगळी असते आणि जागा बोटभर. नव्या रबराला जुन्यासारख्या भेगाही सहसा पडत नाहीत, रेघा झिजतात. पण निदान तपासता तर येतं! आणि अवघड झालंय ते सगळं आपोआप झालेलं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू न देणं. पुढे अपिलं झाली ती वेगळी गोष्ट. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण ज्या समाजात बॉनेट उघडणं कमीपणाचं, तिथे उघडण्याचा हक्क मागणार कोण?

तिसरा आक्षेप: "मेकॅनिकच्या पोटावर पाय कशाला?" हा सगळ्यात सभ्य आक्षेप, आणि मला सगळ्यात खोटा वाटतो. कारण हेच सभ्य लोक गॅरेजात मजुरीच्या दोनशे रुपयांवरून घासाघीस करतात, आणि हॉटेलात तेवढीच टिप ठेवून येतात. कामाला काय लागतं हे ज्याला माहीत असतं, तो सहसा घासाघीस करत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, त्याच सकाळी शिकलो. बाबांचं न ऐकता मी बेल्ट बसवला आणि शहाणपणा करून चांगला करकचून ताणला. मग खात्री करावी म्हणून शाळेतल्या मित्राला बोलावलं. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. गणितात तो माझ्या पुढे. घरच्या परिस्थितीमुळे तो गॅरेजात गेला, मी पुण्याला. त्याने नुसता अंगठा दाबला आणि हसला. "काऊन बे, सतार वाजवतं काय याच्यावर? बेरिंग खाऊन टाकन हा!" बेल्ट मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर जेमतेम सेंटीमीटरभर दबला पाहिजे. त्याने मापपट्टी काढली नाही. ते माप त्याच्या अंगठ्यात आहे. माझ्या डिग्रीत नव्हतं.

मग काय झालं ते ऐका. दोघांचे हात सारखेच काळे. बाबांनी माझ्यापुढे साबण आणि टॉवेल धरला, आणि त्याला विचारलं, "किती झाले रे?"

तो "राहू द्या काका" म्हणाला. मला मात्र जमीन दुभंगावी असं झालं.

बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिलं होतं, की आपल्याकडे नुसती कामं वाटलेली नाहीत, माणसंच वरखाली रचून ठेवली आहेत. इथून दोन-अडीच तासांवरच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी 'नई तालीम' मांडली गेली. त्या योजनेवर मतभेद असतील. पण दुखणं तिथे ओळखलं होतं, आणि ते आजही आपल्या अंगणात बसलेलं आहे, टॉवेल हातात धरून.

एक इशारा मात्र देतो. टायमिंग बेल्ट ही वेगळी चीज आहे. तो एक दात चुकला तरी इंजिनचं गणित बिघडतं, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ते जाणकारालाच करू द्या आणि त्याला पूर्ण मजुरी द्या.

बाकी येत्या शनिवारी एवढंच करा. गाडी थंड असताना, किल्ली काढून, बॉनेट उघडा आणि बेल्टवरून बोट फिरवा. हात काळे होतील. साबणाने जातात. आणि शेजारी आणखी कोणाचे काळे झाले असतील, तर साबण आधी त्याला द्या.