आधी जहाज, मग होडी

१७ जून २०२१ ची सकाळ. रायगड जिल्ह्यातील रेवदंडा बंदरापासून अवघ्या तीन किलोमीटरवर ‘मंगलम’ नावाचे मालवाहू जहाज हळूहळू पाण्याखाली जाऊ लागले होते. जहाजावर सोळा माणसे. मोसमी पाऊस लागलेला, समुद्र खवळलेला. जहाजाच्या द्वितीय अधिकाऱ्याने तटरक्षक दलाच्या मुंबई येथील शोध व बचाव केंद्राला कळविले, की जहाज बुडत आहे, माणसे घाबरली आहेत आणि आम्ही जहाज सोडण्याच्या विचारात आहोत.

केंद्रातून उत्तर गेले ते असे, की जहाज सोडू नका. जीवरक्षक साधने अंगावर चढवा आणि जहाजावरच थांबा, आम्ही येत आहोत.

बुडणाऱ्या जहाजावरील माणसाला ‘तिथेच थांब’ असे सांगणे कानाला क्रूर वाटते. किनारा डोळ्यांना दिसतो आहे, पायाखालची फळी कलते आहे, आणि तीन किलोमीटर म्हणजे आपल्या कॅम्प दोनमधून कॅम्प चारपर्यंत जाण्याएवढेच अंतर! तरीही त्या सोळाजणांनी ऐकले. दिघी बंदरातून तटरक्षक दलाची ‘सुभद्रा कुमारी चौहान’ ही नौका पूर्ण वेगाने निघाली, दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टरे उडाली. (झाशीच्या राणीवरील कवितेने घराघरांत पोहोचलेल्या कवयित्रीचे नाव एका बचावनौकेला द्यावे, हे ज्या कोणाला सुचले त्याच्या रसिकतेचे कौतुक वाटते.) नौकेने त्या लाटांत हवेने फुगविलेल्या रबरी होड्या सोडून काही खलाशांना उतरवून घेतले, उरलेल्यांना हेलिकॉप्टरने दोराने वर उचलून रेवदंड्यास आणले. सोळाच्या सोळा जण सुखरूप किनाऱ्यास लागले.

ही घटना वर्तमानपत्रांत आली आणि दोन दिवसांत विसरली गेली. कोणी दगावले नाही, म्हणजे बातमी लहान, असा आपला एक विचित्र हिशेब असतो. परंतु त्या एका सूचनेचे मोल जाणून घ्यायचे असेल, तर त्याआधी नऊ वर्षे चेन्नईच्या किनाऱ्यावर काय घडले ते पाहावे लागते.

३१ ऑक्टोबर २०१२. ‘नीलम’ हे चक्रीवादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर धडकण्याच्या बेतात होते. मुंबईतील एका कंपनीचे ‘प्रतिभा कावेरी’ हे रिकामे तेलवाहू जहाज चेन्नई बंदराबाहेर नांगर टाकून उभे होते. नांगर टिकला नाही आणि वाऱ्याने जहाज ढकलत नेऊन शहराच्या दक्षिणेकडील पुळणीजवळ वाळूत रुतविले. जहाजावर सदतीस माणसे होती. त्यांपैकी बावीसजण जीवरक्षक होडीत उतरले. किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत ती होडी लाटांत उलटली. आसपासच्या वस्तीतील कोळी बांधव वादळाची पर्वा न करता पाण्यात शिरले आणि त्यांनी सोळाजणांना बाहेर काढले. सहाजण गेले, त्यांत नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मुले होती. आणि जे पंधराजण त्या रुतलेल्या जहाजावरच थांबले, ते सर्व सुखरूप किनाऱ्यावर आले.

जीव वाचविण्यासाठी केलेली वस्तूच जीव घेते, हे कसे? त्याचे कारण समुद्राच्या उथळपणात आहे. खोल पाण्यात लाट नुसती वरखाली होते, होडी तिच्यावर तरंगत राहते. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचा पाय अडतो आणि माथा पुढे कोसळतो. आपण पुळणीवर उभे राहून जी पांढरी फेसाळ रांग कौतुकाने पाहतो, ती लहान होडीला सर्वांत घातक जागा होय. होडी तिथे क्षणभर जरी आडवी झाली, तरी पुढची लाट तिला उताणी करते. दुसरे कारण जहाजाच्या अंगाचे. जीवरक्षक होडी डेक्यावरून दोन लोखंडी बाहूंच्या आधारे, पुढे एक आणि मागे एक अशा दोन दोरांनी खाली सोडतात. पाण्याला टेकताच दोन्ही आकडे एकाच वेळी सुटले पाहिजेत. एक सुटला आणि दुसरा अडकला, तर होडी एका टोकाने लोंबकळते. जहाज रुतून कललेले असेल, तर एका बाजूची होडी जहाजाच्या अंगावर आपटत खाली जाते आणि दुसऱ्या बाजूची अधांतरी झुलते. शांत बंदरात, निव्वळ सरावाच्या वेळीही या आकड्यांनी जगभर अनेक खलाशांचे बळी घेतले आहेत. अखेर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला जुने आकडे बदलण्याचा नियम करावा लागला.

वाळूत रुतलेले जहाज मात्र बहुधा बुडत नाही, कारण बुडायला खाली पाणीच नसते! ते कलेल, तळाला फाटेल, पण वरचा डेका पाण्याबाहेर राहील. म्हणूनच जुने दर्यावर्दी सांगत आले, की जहाज पायाखाली आहे तोवर तीच मोठी होडी समजावी. १९७९ साली आयर्लंडजवळील फास्टनेट शर्यतीत वादळाने हाहाकार उडविला, तेव्हा चोवीस शिडाच्या नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्यांपैकी प्रत्यक्षात बुडाल्या फक्त पाच, आणि पंधरा स्पर्धक मात्र प्राणांस मुकले. आपल्या जवळचे उदाहरण हवे, तर जुहूचे आहे. २०११ च्या जुलैअखेरीस ‘पवित’ नावाचे सुमारे हजार टनांचे जहाज जुहूच्या वाळूत येऊन बसले आणि ते पाहायला गर्दी लोटली. त्याच्या आधीच्या महिन्यात अलंगला भंगारात चाललेले ‘विस्डम’ दोर तुटून तिथेच आले होते, त्यामुळे मुंबईकरांना हा जणू नित्याचाच देखावा झाला. ‘पवित’वर एकही माणूस नव्हता. इंजिनघरात पाणी शिरल्यामुळे ओमानच्या बाजूला समुद्रातच खलाशांनी ते सोडले होते, ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकेने त्यांना वाचविले, आणि बुडाले असे समजून सोडलेले ते जहाज सुमारे महिनाभर एकटेच तरंगत अरबी समुद्र ओलांडून आले. खोल समुद्रात, इंजिन बंद पडलेले असताना, समोर मदत उभी होती म्हणून त्या खलाशांनी निघून जाणे योग्यच होते. मला सांगायचे आहे ते जहाजाविषयी. त्याची तग धरण्याची शक्ती भयभीत माणसाला वाटते त्याहून पुष्कळ अधिक असते.

आपल्या भागातील वाचकांना हे पटवायला समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. २७ जुलै २०१९ च्या पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये गाडी, आत हजारांहून अधिक माणसे. रेल्वेने पुनःपुन्हा विनंती केली, की गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे. चामटोली आणि आसपासच्या गावकऱ्यांनी आधी धाव घेतली. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या आणि नौदलाच्या रबरी होड्या आल्या. दुपारपर्यंत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी बाहेर निघाले, त्यांत नऊ गर्भवती भगिनी होत्या. एकही जीव गेला नाही. रेल्वेचा डबा हा काही जहाज नव्हे, पण न्याय तोच.

आता प्रश्न असा, की रेवदंड्याच्या सोळाजणांनी ऐकले आणि चेन्नईच्या बावीसजणांनी होडी का सोडली? निव्वळ भीती हे उत्तर अपुरे आहे. भीती दोन्हीकडे होती. ‘प्रतिभा कावेरी’विषयी त्या वेळी जे प्रसिद्ध झाले, ते व्यापारी घरांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. खलाशांचे पगार महिनोन्महिने थकले होते, जहाजावरील इंधन आणि शिधा संपत आल्याच्या त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या माणसांचे साधे धान्याचे मागणे किनाऱ्यावरून कोणी ऐकले नव्हते, त्यांना वादळाच्या दिवशी ‘थांबा, मदत येते आहे’ यावर विश्वास कसा बसावा? हे माझे अनुमान आहे, पण पेढीवर माणसे ठेवणाऱ्या कोणालाही ते अवघड वाटणार नाही. पगाराच्या तारखा चुकविणाऱ्या मालकाचा शब्द अडचणीच्या वेळी नोकर मानीत नाही.

या बाबतीत जग थोडे सुधारले आहे. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात झालेली दुरुस्ती २०१७ पासून लागू आहे. दोन महिने पगार न दिल्यास मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले असे धरले जाते, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी व घरी परतण्याचा खर्च यांची हमी देणारा विमा जहाजावर असावाच लागतो.

कायद्यातील आणखी एक गोष्ट मला फार आवडते. समुद्रात दुसऱ्याचा माल वाचविणाऱ्याला मोबदला मिळतो, ही प्रथा फार जुनी. मग जीव वाचविणाऱ्याला काय? आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की ज्याचा जीव वाचला त्याच्याकडून एक पैही घ्यायची नाही. आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने पुढचे पाऊल टाकून ४०२ व्या कलमात असे घातले होते, की भारताच्या सागरी हद्दीत जीव वाचविल्याबद्दल जहाजमालकाने वाजवी रक्कम द्यावी, आणि हे देणे माल वाचविल्याच्या इतर सर्व दाव्यांच्या आधी फेडावे. कोळ्याने ओढून आणलेला खलाशी हिशेबात आधी, कापसाच्या गाठी नंतर.

आपला या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. उल्हासनगर हे खाडीपासून दूर वसलेले, कारखान्यांचे आणि दुकानांचे गाव. पण याच गावातील कित्येक सिंधी कुटुंबे फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने मुंबईस उतरली आणि लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत राहिली, त्या छावण्यांचे कॅम्प हे नाव आजही आपल्या पत्त्यात आहे. आणि आजही फर्निचरचे सामान असो, कापड असो, यंत्रांचे सुटे भाग असोत, आपल्या गाळ्यात येणारा कितीतरी माल न्हावाशेव्याला उतरतो. जहाज संकटात सापडले आणि ते वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर ते नुकसान सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचे असते. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकले, तेव्हा असा खर्च मालधन्यांवर घोषित झाला आणि ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता, त्यांनाही हमी दिल्याशिवाय कंटेनर सुटेना. सागरी माल विम्याच्या ए, बी आणि सी या तीनही प्रमाणित कलमसंचांत हा वाटा भरून मिळतो, म्हणजे सर्वांत स्वस्त विमाही येथे उपयोगी पडतो. विमाच नसेल, तर रोख अनामत भरावी लागते. चार पैसे वाचवण्यासाठी विनाविमा कंटेनर मागविणाऱ्या बंधूंनी आपल्या कस्टम दलालाकडे एवढे तरी विचारून घ्यावे.

पावसाळी सुटीत अलिबाग, मुरूड, काशीदकडे जाणारी कुटुंबे आपल्यात बरीच. भर लाटांत एखादी नौका अडचणीत दिसलीच, तर मोबाईलवर चित्रण करण्याआधी १५५४ या क्रमांकावर फोन करावा. तो तटरक्षक दलाचा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. सांगायचे एवढेच, की नौका कोणत्या गावासमोर आहे, किनाऱ्यापासून अंदाजे किती दूर आहे, आणि तिच्यावर माणसे दिसत आहेत का.